जाळ्यापलीकडचा मुलगा

मल्लेश्वरम, बंगळूर
बुधवार, ११ फेब्रुवारी १९९८

ती. सौ. नीलिमावन्सं यांच्या पायांशी (गुडघ्यांना धक्का न लावता) वासंतीचा नमस्कार.

मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की डावा गुडघा आता बरा आहे आणि उजवा त्याचा हेवा करतो. इथून पाठवलेलं तेल संपलं असेल तर कळवा, आणि लावलंच नसेल तर तेही कळवा, म्हणजे दुसरी बाटली घेण्याआधी मी विचार करीन. तुमच्या अद्वैतचा खोकला गेला का? मिरजेत थंडी ओसरली असेल. इथे यंदा ती पाहुण्यासारखी आली आणि भाडेकरूसारखी राहिली आहे. आम्ही सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. खोडलं तर कागद घाण दिसेल म्हणून राहू देते, तुम्ही मात्र वाचलं नाही असं समजा.)

तर वन्सं, आतापर्यंत पुण्याहून पेंडसेबाईंचा फोन तुम्हाला आलाच असेल. तुमची शाळेतली मैत्रीण, तुम्हीच आणलेलं स्थळ, तेव्हा पहिली तक्रार तुमच्याकडेच येणार. त्या, त्यांचे यजमान आणि मुलगा निहार असे रविवारी आमच्या मैत्रेयीला बघायला येऊन गेले. 'येऊन' आणि 'गेले' यांच्यामध्ये शिरासुद्धा वाढून झाला नव्हता. त्यांनी तुम्हाला असं सांगितलं असेल की मुलीच्या आईने आमच्या मुलाकडे हनुवटी करून त्याला कचरा म्हटलं आणि मोलकरणीकडून खराटा मारवला. यातला एकेक तुकडा वेगवेगळा घेतला तर खरा आहे. हनुवटी मी केली. शब्द मी उच्चारला. खराटाही लागला. पण हे तुकडे जोडून जे वाक्य तयार होतं ते धादांत खोटं आहे, आणि ते मला तुमच्या खालच्या मजल्यावरच्या फोनवर, जिन्यात उभ्या असलेल्या चार कानांसमोर सांगता येणार नाही, म्हणून हे पत्र. रविवारपासून मी एका जागी बसलेली नाही. आताही ओट्याशी उभी राहून लिहिते आहे. फोन वाजला की हातातलं टाकून धावते. तो मल्लाप्पांचा असतो. मल्लाप्पा कोण ते पुढे येईल.

याची सुरुवात तुमच्या बंधूंपासून होते. (आमच्या घरात सगळ्याचीच होते.) गेल्या जुलैत ह्यांनी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली हे तुम्हाला माहीत आहेच. स्वेच्छा कारखान्याची होती, निवृत्ती ह्यांची. उभा जन्म तपासणी विभागात गेलेला. दुसऱ्यांनी घडवलेली वस्तू भिंगाखाली धरायची आणि 'नापास' म्हणायचं, एवढं एकच काम ह्यांना येतं आणि ते उत्तम येतं. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात माझ्या पोळ्या तपासल्या (कडेला जाड), दुसऱ्यात पायपुसणं भिंतीला समांतर केलं, तिसऱ्यात तपासायला काही उरलं नाही. मग फेऱ्या सुरू झाल्या. फाटकापर्यंत जायचं, परत यायचं, घड्याळ बघायचं. कारखान्याचा भोंगा व्हायच्या वेळी खुर्चीतून उठायचं, आणि उठलो कशाला हे न कळून पुन्हा बसायचं. ते बघून मला रडू यायचं, हे तुम्ही बहीण म्हणून सांगते. त्यामुळे कॅमेऱ्याचा विषय निघाला तेव्हा मीच लगेच हो म्हटलं. वाटलं, झाडं बघतील, पाखरं बघतील, घराबाहेर पडतील. (बाहेर, वन्सं. हा शब्द मी किती आशेने उच्चारला होता.)

इथे छायाचित्र काढणाऱ्यांचं एक मंडळ आहे. दर शनिवारी एका शाळेच्या वर्गात भरतं, लहान मुलांच्या बाकांवर टक्कल पडलेली माणसं गुडघे दुमडून बसतात आणि एकमेकांचे फोटो नापास करतात. ह्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. मल्लाप्पा हे तिथले चिटणीस. जगातल्या कुठल्याही फोटोवर त्यांचा शेरा एकच: 'स्वल्प शार्प इल्ला.' म्हणजे जरा स्पष्टपणा कमी आहे. त्यांच्या लग्नाचा अल्बमही त्यांनी असाच परत केला होता म्हणे. तर ह्या मंडळात एक पंथ आहे, त्याला पाखरं चालत नाहीत आणि डोंगरही चालत नाहीत. चिमूटभर आकाराचं काहीतरी हवं, आणि तेही क्षणात नाहीसं होणारं. ह्यांनी तोच पंथ धरला. फूल चालत नाही, कारण फूल दिवसभर जागेवर असतं, त्यात काय मोठंसं? अशी नाहीशी होणारी वस्तू आमच्या घरात सगळ्यात जास्त कुठे मिळते, सांगा. स्वयंपाकघरात.

पुरी फुगली की 'थांब' असा आवाज येतो. कॉफीवरचा फेस, इडलीवरची वाफ, डोशाला पडणारी भोकं, सगळ्यांना आधी कॅमेरा आणि मग तोंड. कॉफी गरम कशी लागते हे आम्ही विसरलो आहोत. एकदा दूध उतू जात होतं. तुमचे बंधू शेगडीला चिकटून उभे, बोट बटणावर. कॅमेऱ्याच्या. साबणाच्या फुग्यासाठी मी धुतलेले कपडे पुन्हा धुतले. आणि एवढं करून स्टुडिओतून काय येतं? सगळा कागद काळा आणि मधे एक पांढरट डाग. मी विचारलं, हा कोण? म्हणाले, पुरी. पुरीला भूत होता येत असेल तर ते असं दिसत असेल.

मग डिसेंबरात अक्का आली. (घाबरू नका, कोळीण आहे. मासे विकणारी नव्हे, जाळं विणणारी.) इथे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. हे नाव का ठेवलं म्हणून मी विचारलं तर म्हणाले, हिला आठ पाय आहेत आणि एकाचीही तक्रार नाही. (हे बोलले, मी फक्त लिहिते आहे.) अक्काने जाळं बांधलं ते नेमकं फाटकातून घराकडे येणाऱ्या वाटेवर, फाटकाच्या खांबापासून जास्वंदीपर्यंत, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. रात्री विणते, दिवसा मोडते, पुन्हा रात्री विणते. त्या दिवसापासून आमची पुढची वाट बंद झाली. दूधवाला, पोस्टमन, वर्गणीवाले, आम्ही, सगळे मागच्या बोळातून. इकडच्या जुन्या घरांमागे पूर्वी सफाईसाठी म्हणून ठेवलेला एक बोळ असतो. त्याला सगळे अजून इंग्रजांच्या वेळचं कन्झर्व्हन्सी हे भारदस्त नाव देतात, म्हणजे नाकाला जे कळतं ते कानाला कळू नये.

ह्यांना हवा होता दवाने भरलेल्या जाळ्याचा फोटो. शेजारच्या अंबूबाईंच्या गच्चीवरच्या टाकीमागून सूर्य वर येतो तेव्हा जाळ्यावर दव असायला हवं, वारा नको, अक्का मधोमध बसलेली हवी आणि ह्यांना शिंक यायला नको. ह्या पाचांची बैठक काही जमेना. सूर्य आला तर दव नाही, दव आलं तर अक्का कोपऱ्यात रुसलेली. मी एकदा इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली पुढे केली. खोटं दव? ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जशी काही मी तुळशीला प्लॅस्टिकची पानं लावा म्हणाले. मंडळाचं प्रदर्शन ह्याच महिन्यात आहे, फोटो द्यायची मुदत येत्या रविवारी संपते, त्यामुळे घरात परीक्षेचं वातावरण. पहाटे अंधारात उठायचं, फाटकाशी जायचं, यायचं, आकाश बघायचं. पूर्वी ह्या फेऱ्या निरुद्देश होत्या, आता सोद्देश आहेत. माझ्या झोपेला हा फरक कळत नाही.

आता गंगव्वा. ती आमच्याकडे केरवारे, भांडी करते. जाळ्याला हात लावायचा नाही अशी ह्यांनी तिला तंबी दिली होती. ती पाळत होती, पण कशी? रोज खराटा घेऊन जाळ्यापर्यंत जायची, थांबायची, आणि त्याच्याकडे असं बघायची जशी मी तुमच्या मोठ्या सुनेच्या फडताळाकडे बघते. (हे पान तिला वाचायला देऊ नका.) गंगव्वाला मराठी येत नाही. मला बावीस वर्षांत जेवढी कानडी आली तेवढ्यात आमचं दोघींचं भागतं. घरात आम्ही आपसात बोलतो तेव्हा तिच्या लेखी रेडिओ चालू असतो. (दिवाळीत फराळाला बसलो असताना मी ह्यांना चिवड्याबद्दल काहीतरी विचारलं आणि तिने मुकाट्याने येऊन चिवड्याचा अख्खा डबा कचऱ्यात रिकामा केला. का, ते कोणाला कळलं नाही. मी धरून चालले की तिने आधी चव घेतली असावी.)

पेंडसे मंडळी खरं तर रविवारी संध्याकाळी पाचला यायची होती. पण शनिवारी अंबूबाई कुंपणावरून डोकावल्या. त्या आपल्याच, म्हणजे त्यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. 'अय्यो वासंती,' म्हणाल्या, 'आयतवारी साडेचारपासून राहुकाळ की गं. त्या वेळेला सोयरिकीचं बोलतात काय कुणी? स्वल्प तरी इचार कर.' आता पुण्याची माणसं राहुकाळ मानत नाहीत, ती स्वतःच पुरेशी असतात. पण मी एवढी वर्षं इथे राहिले, आणि प्रश्न मैत्रेयीचा. निहारच्या इथल्या खोलीवर फोन करून वेळ बदलून घेतली. सकाळी आठ. सकाळ ही अक्काची वेळ आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ह्यांच्या आलं होतं. ते बोलले नाहीत.

आणि मंडळी आठच्या आधीच आली. रिक्षा पुढच्या फाटकाशी थांबली तेव्हा तुमचे बंधू वाटेवर पालथे पडले होते. अंगाखाली गोणपाट, डोक्याला माकडटोपी, डोळ्याला कॅमेरा, आणि लुंगीबद्दल मी लिहीत नाही. पेंडसेबाई हिरव्या नारायणपेठीत, हातात पेढ्यांचा पुडा. त्या हात जोडणार इतक्यात ह्यांनी वर न बघता तळहात उगारला आणि म्हणाले, 'थांबा. हलू नका. श्वास जपून सोडा.' सोयरीक करायला आलेल्या माणसांशी मुलीच्या बापाचं हे पहिलं वाक्य. मी मागच्या दाराने धावत वळसा घालून गेले आणि दोघांना बोळातून आत आणलं. बोळात शेजारच्या मुंजीच्या उष्ट्या पानांचा ढीग होता आणि त्यावर एक गाय जेवायला बसल्यासारखी उभी होती. ती हलली नाही. पेंडसेबाई नारायणपेठ वर धरून भिंतीला घासत तिच्या पलीकडे गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. पुण्याची बाई गप्प बसते तेव्हा ती किती बोलत असते हे तुम्हाला मी काय सांगायचं.

निहारला मात्र ह्यांनी फाटकाशीच ठेवून घेतलं. जाळ्यामागून उजेड परतवायला कोणीतरी हवं होतं. देवघरातलं स्टीलचं ताट त्याच्या हातात दिलं, 'डावीकडे. खाली. बास. आता तू खांब आहेस,' असं सांगितलं, आणि मुलगा खरोखर खांब झाला. नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. हात स्थिर आहे एवढं बघून ह्यांनी त्याला पास करून टाकला होता. (आमच्या घरातून पास झालेली ही पहिली वस्तू.) मुलगा संगणकाच्या कंपनीत आहे हे तुम्ही सांगितलंच होतं. तुम्ही हे नव्हतं सांगितलं की तीन वर्षं कानडी घरमालकिणीकडे राहून तो कानडी चांगलं शिकला आहे. ते पुढे आमच्या गळ्याशी आलं.

आत पोहे झाले. पेंडसेसाहेब सज्जन माणूस, दुसऱ्यांदा मागून घेतले. मैत्रेयी येऊन नमस्कार करून बसली. मग सगळे एकमेकांकडे बघत राहिलो, कारण मुलगी होती आणि मुलगा नव्हता. पेंडसेबाई म्हणाल्या, 'आमचा निहार घरात येणार आहे, की त्याला तिकडेच ठेवायचा ठरवलाय तुम्ही?' मी हसले. त्या हसल्या नाहीत. तेव्हा मैत्रेयी उठली आणि म्हणाली, त्याला कॉफी देऊन येते. पुढून जायची सोय नाही. म्हणून आमची मुलगी गुलबक्षी म्हैसूर सिल्क नेसून, हातात कॉफीचा ट्रे घेऊन, मागच्या दाराने निघाली, बोळातून, गायीला वळसा घालून, वाण्याच्या दुकानासमोरून, अंबूबाईंच्या खिडकीखालून, फाटकाशी पोचली. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम सबंध रस्त्याने पाहिला.

मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. (देखरेखीसाठी.) निहारचे दोन्ही हात ताटाला, तो कॉफी घेणार कसा? मैत्रेयीने ट्रे खांबावर ठेवला आणि ताटाची एक कड स्वतः धरली. त्याचा एक हात मोकळा झाला. त्याने पेला उचलला. ती काहीतरी म्हणाली. काय, ते दोघंही सांगत नाहीत. आणि तेवढ्यात अंबूबाईंच्या टाकीमागून सूर्य बाहेर आला. दव होतं. वारा नव्हता. अक्का मधोमध बसली होती. हे शिंकले नाहीत. जाळं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटत गेलं. मी असल्या गोष्टींना भुलणारी नव्हे हे तुम्हाला माहीत आहे, पण घरात पाहुणे आहेत हे मी जरा वेळ विसरले.

जाळ्यापलीकडून मैत्रेयीने माझ्याकडे पाहिलं. मला तिचं मत हवं होतं, तिथल्या तिथे, तिची आजी, मावशी, काकू आणि तुम्ही काही म्हणायच्या आत. मी भुवया वर केल्या, हनुवटीने मुलाकडे खूण केली आणि अगदी ओठांतल्या ओठांत म्हटलं, 'कसा?' म्हणजे मुलगा कसा वाटला. मराठी आया हा प्रश्न आपल्या मुलींना पिढ्यान्‌पिढ्या विचारत आल्या आहेत आणि आजवर त्यात कोणाला काही लागलं नव्हतं. गंगव्वा माझ्या शेजारी व्हरांडा झाडत होती.

वन्सं, कानडीत कस म्हणजे कचरा. आणि ही माणसं शेवटचा अ असा भरघोस उच्चारतात की तो बरोबर आपल्या कसासारखा ऐकू येतो.

आता तिच्या जागी उभं राहून बघा. मालकीण व्हरांड्यात येते, जाळ्याकडे हनुवटी करते आणि म्हणते, कचरा. दोन महिने आवरून धरलेला हात. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी तिला दिवाळीची साडी दिली तेव्हाही पाहिला नव्हता. 'सरी, अम्मा,' म्हणाली, पायऱ्या उतरली, ह्यांना ओलांडून गेली आणि एकच फटकारा. जाळं गेलं, दव गेलं, अक्का हवेतून गेली, आणि खराटा त्याच झोकात पुढे जाऊन लग्नाच्या मुलाच्या खांद्यावर थांबला. त्याने ताट सोडलं नाही. ही गोष्ट पेंडसेबाईंनी तुम्हाला सांगितली नसेल, म्हणून मी सांगते.

त्या माझ्या मागेच उभ्या होत्या. मुलगा कुठे राहिला बघायला आल्या होत्या. सगळं पाहिलं होतं: माझ्या हनुवटीपासून खराट्यापर्यंत. 'ही बाई काय म्हणतेय?' त्यांनी थेट मुलाला विचारलं. गंगव्वा तोवर ह्यांच्या ओरडण्यावर आपली बाजू मांडत होती, 'नीवे कसा अंद्री, अम्मा,' तुम्हीच तर कसा म्हणालात. निहार सरळ मुलगा. विचारलं की खरं सांगतो. 'आई, ती म्हणतेय की ह्यांनीच कचरा म्हटलं,' असं तो म्हणाला, मग स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं, आणि त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. मैत्रेयी तर फाटकाला धरून खाली बसली. तिला दोन्ही अर्थ जन्मापासून येतात. मला चिवड्याचा डबा आठवला.

मी समजावायला गेले. कसा म्हणजे कसा हो, कचरा नव्हे, असं मी तीनतीनदा म्हणाले आणि प्रत्येक वेळी गंगव्वा आणखी काय झाडायचं म्हणून इकडेतिकडे बघायला लागली. 'म्हणजे तुम्ही विचारलंत मुलगा कसा,' पेंडसेबाई म्हणाल्या, 'आणि उत्तर तुमच्या बाईने दिलं.' लग्नाच्या मुलाला केरसुणी, खराटा लागणं इकडेही वाईटच धरतात, तेव्हा गंगव्वा बिचारी धावत जाऊन मूठभर मीठ घेऊन आली आणि त्याच्यावरून उतरून टाकलं. पेंडसेबाईंना वाटलं, आता मीठही मारतात. 'पाहुण्यांना झाडून काढायची पद्धत छान आहे इकडची,' असं म्हणून त्यांनी पदर खोचला. 'आमच्याकडे पाणी विचारलं नाही तरी माणसं समजून जातात.' आणि तुमचे बंधू? अजून पालथेच. उठून माफी मागावी, चार शब्द बोलावेत, तर मान वळवून म्हणाले, 'कोणी हललं का?' मी म्हटलं, सगळे हलले, तुम्ही सोडून.

मंडळी गेली. जाताना पुढच्या वाटेने गेली, तिथे आता अडवायला काही नव्हतं. पेंडसेसाहेब शिऱ्याच्या दिशेने वळून वळून बघत होते. दिवसभर हे जास्वंदीखाली बॅटरी घेऊन अक्काला शोधत होते. संध्याकाळी ती फाटकावरच्या पत्रपेटीत सापडली, सुखरूप. ह्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मुलीचं लग्न मोडलं असेल तर ते कुठल्या पेटीत सापडतं, हे मी विचारलं नाही.

तर झालं हे असं. माझी विनंती एवढीच की तुम्ही थोरली बहीण ह्या नात्याने बंधूंना चांगलं खडसावून पत्र लिहा. कॅमेरा पेटीत, पेटी माळ्यावर, आणि पुढची वाट खुली. तुमचं ते ऐकतात. (माझंही ऐकतात, पण तपासल्यासारखं.) कुकरने शिट्ट्या दिल्या, थांबते. गुडघ्यांना जपा. अद्वैतला आशीर्वाद, मोठ्या सुनेला माझी प्रेमळ आठवण.

तुमची
वासंती

ता. क. पाकीट चिकटवणार तोच हे मल्लाप्पांना घेऊन स्टुडिओतून आले. बटण दाबलं गेलं होतं, नेमकं फटकाऱ्याच्या क्षणी. प्रत सोबत ठेवली आहे, घडी घालू नका. खराट्याचे हीर धूसर आहेत, जाळं अर्धं फाटलेलं, आणि मधे हवेत उडालेले दवाचे थेंब, एकेक मणी लख्ख. मल्लाप्पांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला आणि शेरा न मारताच गेले. ह्यांना अजून खरं वाटत नाही. आता तुमचं पंचांग वाचायचं भिंग घ्या, फोटो उलटा धरा आणि डावीकडचा सगळ्यात मोठा थेंब बघा. थेंबामध्ये पलीकडचं सगळं उलटं उमटतं, असं हे सांगतात. त्यात फाटक आहे, ताट आहे आणि ताटाच्या दोन बाजूंना दोन माणसं. हसताहेत. खराटा पोचायच्या आधीच हसताहेत, वन्सं.

आणखी एक. हा फोटो तुम्ही स्वतः पुण्याला घेऊन जा. अद्वैतच्या गाडीने जा, गुडघ्यांना त्रास नको. पेंडसेबाईंच्या हातात फोटो आणि भिंग द्या आणि त्यांनी विचारेपर्यंत काही बोलू नका, हे तुम्हाला जड जाईल पण करा. वर मी रागात होते म्हणून लिहायचं राहिलं: निहार सोमवारपासून रोज ऑफिसच्या आधी येतो. ताट धरायला. अक्काने जाळं पुन्हा तिथेच विणलं आहे. बोळातून येतो, आणि ती गाय त्याला वाट देते, आम्हाला अजून देत नाही. त्याच्या आईला हे माहीत नाही आणि तो स्वतःहून सांगणारही नाही. पण तिने विचारलं तर सांगून टाकेल, त्याची ती खोड तुम्हाला आता कळलीच आहे. तेव्हा तिने विचारायच्या आत तुम्ही पोचा. त्यांचा होकार आला पाहिजे. त्याशिवाय मला बसता येणार नाही.

आणखी. बंधूंना खडसावून लिहू नका, तूर्त राहू दे. त्याऐवजी सासूबाईंची मोठी पितळी परात तुमच्याकडे आहे ती पाठवा. स्टीलच्या ताटाचा उजेड इस्पितळातल्यासारखा पांढराफटक पडतो, पितळेचा हळदीसारखा पडेल. हे ह्यांचं म्हणणं नव्हे, माझं आहे. मी कॅमेऱ्यातून पाहिलं. एकदाच. म्हणजे रोज एकदाच.

आणि शेवटचं. काल गंगव्वा घरी गेल्याची खात्री करून घेतली आणि मैत्रेयीला पुन्हा विचारलं, कसा? पोरगी इथेच वाढलेली. पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, 'परवागिल्ला.' म्हणजे चालेल, वाईट नाही. बावीस वर्षांत मला एवढं कळलं आहे की इथली माणसं ताजमहालासमोर उभी राहिली तरी ह्याहून जास्त काही बोलत नाहीत. तेव्हा परात जरा घासूनच पाठवा. उजेड पाडून झाला की तिच्यातच जावयाचे पाय धुवायचे आहेत.